सन न लिहिलेली तारीख : धर्माबादचे कागद आणि संगणकाच्या आज्ञा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने धर्माबादजवळच्या आपल्या गावाहून एक उर्दू कागद वाचावयास आणला. कागद घरच्याच शेतजमिनीच्या वाटणीचा होता आणि त्याच्या शेवटी '१५ खुर्दाद १३४७' अशी तारीख होती. विद्यार्थी संगणकाच्या वापरात निष्णात आहे. महिन्याचे नाव पाहून हे इराणी पंचांग असले पाहिजे असे त्याने ठरविले, फोनवर रूपांतर केले, आणि '५ जून १९६८' असे उत्तर पेन्सिलीने कागदाच्या पाठीमागे लिहून ठेविले. त्याच्या चुलत्यांनी तोच आकडा हिजरी समजून १९२८-२९ हे साल सांगितले होते. दोन्ही उत्तरे गणिताच्या दृष्टीने बिनचूक होती, आणि दोन्ही चुकीची होती. आकड्याच्या डाव्या अंगास, घडीत दबलेले, एक लहानसे 'फे' हे अक्षर होते. ते फसलीचे. कागद एप्रिल १९३८ मधील होता.

एका आकड्याची अशी तीन साले होतात आणि पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत चाळीस वर्षांचे अंतर पडते. हा प्रश्न केवळ पंडितांच्या कुतूहलाचा राहिलेला नाही. मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमिली, तेव्हापासून घरोघरच्या पेट्यांतून असे कागद बाहेर पडू लागले आहेत. वाटणी कोणाच्या हयातीत झाली, अमुक नोंदीतील पुरुष आजोबा की पणजोबा, हे सारे तारखेच्या वाचनावर ठरते. उर्दू व मोडी वाचणारे थोडे. त्यांतही फसली महिन्यांची नावे क्रमाने सांगू शकणारे आणखी थोडे. उरलेले काम संगणकावर सोपविले जाते. म्हणून हे कागद लिहिणाऱ्यांच्या तारखा लिहिण्याच्या रीती आणि संगणकाच्या तारखा लिहिण्याच्या रीती शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा येथे विचार आहे. कालगणनांचा इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. तो शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या १८९६ च्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त वाचकाने पाहावा. येथे विषय आहे तो लेखनाचा : तारीख लिहिताना लिहिणारा काय लिहितो, काय गाळतो, आणि गाळलेले कोणी भरून घ्यावे अशी त्याची अपेक्षा असते.

प्रथम धर्माबादविषयी दोन शब्द. हे गाव हैदराबाद–मनमाड लोहमार्गावर, बासरच्या अलीकडे, महाराष्ट्राच्या अगदी सीमेवर आहे. संस्थानी काळात ते नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यात मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्या तालुक्याची मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली आणि धर्माबाद तेवढे मुंबई राज्यात राहिले. १ मे १९६० पासून ते महाराष्ट्रात आले. गाव जागचे हलले नाही. दप्तरे मात्र हलली. घरात मराठी, बाजारात तेलुगू, कचेरीत उर्दू आणि आगगाडीच्या वेळापत्रकात इंग्रजी अशी स्थिती पुष्कळ वर्षे होती. प्रत्येक भाषेबरोबर तिची तारीखही येई. ब्राह्मणाच्या पत्रिकेत शालिवाहन शक व संवत्सराचे नाव, मारवाडी दुकानदाराच्या वहीत दिवाळी पाडव्यापासूनचा विक्रम संवत, मशिदीत हिजरी, तहसिलात फसली आणि स्टेशनात इसवी. एकाच माणसाला एका दिवसात या पाचांपैकी तीन तरी लागत, आणि तो गोंधळत नसे. याचे कारण असे की, कोणती गणना कोठे चालते हे त्यास ठाऊक होते. ती कागदावर लिहिण्याची गरज त्यास भासत नव्हती. गोंधळ आपला आहे.

फसलीचेच पाहा. पिकांच्या वसुलीस चांद्र हिजरी वर्ष सोयीचे नाही, कारण ते सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असून दर वर्षी मागे सरकते. म्हणून हिजरीचा चालू आकडा घेऊन पुढे तो सौर मानाने मोजावयाचा, ही फसलीची कल्पना. अकबराच्या कारकीर्दीत उत्तरेत ती आली. दख्खनेत ती शहाजहानाच्या काळी, हिजरी १०४६ म्हणजे इ. स. १६३६ च्या सुमारास, स्वतंत्रपणे सुरू झाली. दरम्यानच्या वर्षांत हिजरीचा आकडा सौर मानापेक्षा पुढे गेलेला असल्यामुळे उत्तरेची फसली व दख्खनची फसली यांत सुमारे दोन वर्षांचे अंतर पडले आहे. दख्खनी फसलीत ५९० मिळविले असता इसवी सन येतो. पण आरंभ कोठला? मराठी मुलखात मृगापासून. मद्रास इलाख्यात १ जुलैपासून. निजामाच्या राज्यात ऑक्टोबरच्या आरंभी, आझुर महिन्यापासून. नाव एक, आकडा एक, वर्षारंभ तीन. आणि हैदराबादी फसलीचे महिने इराणी नावांचे असले तरी इराणात वर्ष फरवर्दीनने सुरू होते, येथे आझुरने. आझुर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान असा येथील क्रम आहे. १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस, जो आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो, त्या वेळच्या सरकारी कागदांत १३५७ फसलीच्या आबान महिन्यात पडतो. इराणी खुर्दाद मेअखेर लागतो, हैदराबादी खुर्दाद एप्रिलात. आमच्या विद्यार्थ्याच्या फोनातील दिनदर्शिकांच्या सूचीत इराणी, इस्लामी, हिब्रू, इथिओपी, एवढेच काय १९५७ साली स्वीकारलेली भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकाही आहे. दख्खनी फसली नाही. ज्या गणनेत मराठवाड्याचा महसूल दीर्घकाळ लिहिला गेला ती त्या सूचीकारांच्या गावीही नाही. यंत्राला जे नाव ओळखीचे वाटले, तिकडे त्याने आकडा नेऊन बसविला.

याहून जुन्या कागदांकडे गेले की शुहूर सन येतो. मराठी दप्तरांत त्यास अरबी सन किंवा मृगसाल म्हणत. मागे मोजीत गेल्यास त्याचा आकडा हिजरी ७४५ म्हणजे इ. स. १३४४ पाशी हिजरीशी जुळतो. हा मुहम्मद तुघलकाचा काळ होय. त्याचे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात जाताच सुरू होते, आणि त्याचा आकडा अंकांत न लिहिता अरबी संख्यावाचकांनी लिहितात. पानिपतची लढाई झाली ते वर्ष 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास या शब्दांत दोन गोष्टी लक्षणीय वाटतील. पहिली, एकक आधी, दशक नंतर, शतक व सहस्र शेवटी असा चढता क्रम. मराठी कारकुनाच्या कानास तो परका वाटला नसावा, कारण आपलेही 'एकसष्ट' एकापासूनच सुरू होते. दुसरी, नित्याच्या टाचणात 'मया व अलफ' गाळून नुसते 'सन इहिदे सितैन' लिहिण्याची प्रवृत्ती. शतक कोणते हे लिहिणाऱ्यास व वाचणाऱ्यास ठाऊकच होते.

पत्रांत तर याच्याही पुढची पायरी दिसते. 'छ ९ रबिलाखर' एवढेच लिहून पत्र संपते. 'छ' म्हणजे चंद्र, ९ हा त्या मासाचा दिवस, रबिलाखर हा हिजरी महिना, आणि सन नाहीच. उत्तर पेशवाईपर्यंतच्या शेकडो पत्रांची ही स्थिती आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हा, आणि पुढे गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग काढले तेव्हा, संपादकांच्या श्रमाचा केवढा तरी भाग या न लिहिलेल्या सनांच्या शोधात गेला. फौज कोठे होती, पाऊस पडत होता की नाही, पत्रात कोणाच्या लग्नाचा उल्लेख आहे, अशा खुणांवरून सन ठरवावयाचा. एक पत्र चुकीच्या सनात पडले की मोहिमेचा क्रमच उलटा व्हावयाचा.

आळस किंवा अडाणीपणा म्हणून याची बोळवण करणे मला मान्य नाही. त्याच दप्तरात सनद लिहावयाची झाली की 'शके १६८२ विक्रमनाम संवत्सरे पौष शुद्ध ८ बुधवासरे' अशी पूर्ण मिती तोच कारकून लिही. सनद पिढ्यान्‌पिढ्या दाखवावयाची असते. पत्र चार-आठ दिवसांत वाचून बांधून ठेवावयाचे असते. व्याकरणात 'आज', 'येथे', 'हा' या शब्दांचा अर्थ बोलणाऱ्याच्या स्थळकाळावाचून लागत नाही. अशा शब्दांस आपण दर्शक म्हणतो. सन नसलेली तारीख ही दिसावयास आकडा असली तरी जातीने दर्शक होय. तिचा अर्थ 'या वर्षीच्या रबिलाखराची नववी' असा आहे, आणि 'या' हा शब्द पत्र वाचणाऱ्याच्या मनात आहे, कागदावर नाही. तो वाचणारा गेला की तारीख अर्धी होते.

हेच, अगदी हेच, संगणकाच्या आज्ञांत घडते. ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही अशा वाचकांसाठी सांगावयाचे ते एवढेच की, चित्रे व खिडक्या यांच्या आधीपासून संगणकाशी व्यवहार करण्याची एक रीत आहे. तीत एक ओळ टंकून आज्ञा द्यावयाची आणि उत्तरही ओळींतच यावयाचे. बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून केन टॉमसन व डेनिस रिची यांनी घडविलेल्या युनिक्स प्रणालीत ही रीत रुळली, व तिच्या वंशातील लिनक्समध्ये ती आजही चालू आहे; आमच्या विभागात छायाचित्रित केलेले हजारो कागद त्याच प्रणालीवर ठेविले आहेत. यांतील 'एलएस' ही आज्ञा फायलींची यादी देते. यादीचे सविस्तर रूप मागितले तर प्रत्येक फायल शेवटी केव्हा बदलली हेही सांगते. मात्र तिचा परंपरागत नियम असा : फायल गेल्या सहा महिन्यांतील असेल तर महिना, दिवस व घड्याळातील वेळ लिहावयाची आणि सन गाळावयाचा, त्याहून जुनी असेल तर महिना, दिवस व सन लिहावयाचे आणि वेळ गाळावयाची. दोन्ही रूपे बारा अक्षरांच्या रकान्यात बसतात. पुढे पॉझिक्स या मानकानेही हाच नियम ग्राह्य धरिला. पेशव्यांच्या चिटणिसाने पत्र व सनद यांत जो विवेक केला, तोच येथे यंत्राने केला आहे. फरक एवढाच की चिटणिसाचे पत्र ते पत्रच राही, आणि यंत्राची तीच फायल आज पत्रासारखी व सात महिन्यांनी सनदेसारखी छापली जाते.

या नियमाचा फटका प्रस्तुत लेखकास स्वतः बसला आहे. काही वर्षांपूर्वी कागदांची छायाचित्रे घेण्याच्या एका कामात, रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या फायलींची यादी 'एलएस'ने काढून कागदावर छापावयाची व फायलीस टाचावयाची असा मी नेम ठेविला होता. हेतू चांगला होता. काम तीन हिवाळे चालले. पुढे मूळ तबकडी बिघडली. नक्कल होती, पण ती उतरविताना जुने दिनांक जपण्याचा पर्याय दिला गेला नव्हता, त्यामुळे सर्व फायलींवर नकलेचाच दिवस चढला. उरल्या त्या छापील याद्या. त्यांवर 'नोव्हेंबर १२, १७:४०' असे स्वच्छ छापलेले होते, आणि कोणत्या हिवाळ्यातील नोव्हेंबर हे कोठेच नव्हते. सनविरहित पत्रांवर वर्गात व्याख्याने देणाऱ्या माणसाने सनविरहित याद्यांचा गठ्ठा तयार करावा, यात जो विनोद आहे तो माझ्या विद्यार्थ्यांनी मला पुरेपूर ऐकविला. शेवटी राजवाड्यांच्याच मार्गाने जावे लागले : एका छायाचित्राच्या कडेस टेबलावरील दिनदर्शिकेचे पान आले होते, दुसऱ्यात एका विद्यार्थ्याच्या हाताला प्लास्टर होते. अशा खुणांवरून दोन हिवाळे वेगळे काढता आले. तिसऱ्यातील काही याद्या अजून संशयित आहेत.

'एलएस' एकटी नाही. यंत्रातील घडामोडींची नोंदवही लिहिणारी जुनी पद्धत महिना, दिवस, तास, मिनिटे, सेकंद सारे लिही, पण सनही नाही आणि कोणत्या प्रदेशाची वेळ तेही नाही. २००९ च्या नव्या मसुद्याने ती उणीव दूर केली, तरी जुन्या रीतीच्या वह्या अजून सर्वत्र आढळतात. 'पीएस' ही आज्ञा आज सुरू झालेल्या कामाची वेळ देते व काल सुरू झालेल्याचा दिवस. 'डीमेसेज' ही तर यंत्र चालू झाल्यापासूनचे सेकंद सांगते. हा सरळ सरळ जुलूस सन होय. मोगल बादशहा गादीवर बसल्यापासून जसे सन मोजीत, तसे येथे यंत्र गादीवर बसल्यापासून. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की नवे राज्य.

क्रमाची विसंगती याहून मनोरंजक आहे. 'टच' या आज्ञेने फायलीवर हवा तो दिनांक चढविता येतो. तीत आकडे सन, महिना, दिवस, तास, मिनिटे या क्रमाने द्यावे लागतात. 'डेट' या आज्ञेने यंत्राचे घड्याळ लाविता येते. तीत महिना, दिवस, तास, मिनिटे, आणि सन सर्वांच्या शेवटी. दोन्ही आज्ञा एकाच घरच्या, एकाच मानकात नोंदलेल्या. एकीसाठी लिहिलेला आकड्यांचा झुबका दुसरीस दिला तर एक तर ती तक्रार करते, किंवा, आणि हे अधिक वाईट, निमूटपणे भलताच दिवस मान्य करते. मराठी दप्तरातही अशी दुहेरी होतीच : शक लिहिताना सनापासून उतरत वारापर्यंत यावयाचे, शुहूर सनाचे शब्द मात्र एककापासून चढत हजारापर्यंत न्यावयाचे. पण तेथे 'शके', 'छ', 'सन' हे शब्द वाचकास आधीच सावध करीत. नुसत्या आकड्यांच्या झुबक्यास असा भालदार-चोपदार नाही. आणि सनाचे दोनच अंक दिले तर? ६९ ते ९९ असतील तर विसावे शतक, ०० ते ६८ असतील तर एकविसावे, असा नियम आहे. 'मया व अलफ' येथेही गाळलेलेच आहे.

आता एक उदाहरण सांगतो, जे वाचकाने शक्य असल्यास स्वतः करून पाहावे. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१, शुक्रवार या दिवशी झाला असे जेधे शकावली सांगते, आणि त्याचे इंग्रजी रूपांतर १९ फेब्रुवारी १६३० असे आपण करतो. लिनक्सवरील 'कॅल' या आज्ञेस फेब्रुवारी १६३० चे पान मागा : १९ तारखेस शुक्रवार दिसेल. त्याच यंत्रावर 'डेट' या आज्ञेस १९ फेब्रुवारी १६३० चा वार विचारा : मंगळवार असे उत्तर येईल. दोघींत चूक कोणाचीच नाही. 'कॅल' ही इंग्लंडने १७५२ च्या सप्टेंबरात अकरा दिवस गाळून नवी मोजणी घेतली हे लक्षात ठेवून त्याआधीची पाने जुन्या ज्युलियन मोजणीने छापते. 'डेट' ही आजची ग्रेगोरियन मोजणीच मागे अनंतापर्यंत ताणते. आपली १९ फेब्रुवारी ही ज्युलियन आहे; ग्रेगोरियन मोजणीने तो दिवस १ मार्च १६३० होय, आणि 'डेट'ला १ मार्च विचारल्यास तीही शुक्रवारच सांगते. कोणत्या मोजणीने बोलते आहे हे मात्र दोघींपैकी एकही कागदावर लिहीत नाही. 'फे' अक्षर दोघींनीही गाळले आहे.

या उदाहरणात वाराने जे काम केले तिकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. जुन्या मितीत संवत्सराचे नाव, तिथी व वार हे परस्परांचे साक्षीदार असतात. शके १६८२ च्या जागी नकलकाराने १६८३ लिहिले तर विक्रम संवत्सर जुळत नाही. अष्टमीची नवमी केली तर बुधवार जुळत नाही. शंकित कागदाची परीक्षा आपण याच साक्षीवर करतो, आणि बनावट सनदा पुष्कळदा वारापाशीच पकडल्या जातात. १९८८ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झालेली सन-महिना-दिवस अशी उतरत्या आकड्यांची पद्धत सर्व विसंगतींवर उतारा म्हणून सांगितली जाते, आणि यादी लावण्यास ती उत्तम आहे हे निःसंशय. पण तिच्या नेहमीच्या रूपात वार नाही. ०४-०५ चे ०५-०४ झाले तर ते सांगणारा साक्षीदार तीत कोणी राहात नाही. 'डेट' आज्ञेचे जुने वारासहितचे उत्तर गबाळे आहे, सन त्यात प्रदेशवेळेच्याही नंतर शेपटासारखा लोंबतो. तरी संशोधकाच्या दृष्टीने ते अधिक प्रामाणिक आहे असे माझे मत झाले आहे. संगणकशास्त्राचे आमचे सहकारी यास जुनाट हट्ट म्हणतात.

येथे कोणी विचारील की यंत्राच्या पोटात तरी एकच काल आहे ना? आहे. युनिक्स १ जानेवारी १९७० च्या आरंभापासूनचे सेकंद मोजीत बसते, आणि वरील साऱ्या तऱ्हा त्या एका आकड्यास निरनिराळे कपडे चढविण्याच्या आहेत. ही कल्पनाही आपणांस नवी नाही. सिद्धान्तकार कलियुगारंभापासूनचे दिवस मोजीत. त्यास अहर्गण म्हणतात. अहर्गण फार मोठा होतो व त्यावर गणित करणे जिकिरीचे होते म्हणून कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ च्या 'ग्रहलाघवा'त आरंभ जवळ आणला आणि अकरा-अकरा वर्षांची ४०१६ दिवसांची चक्रे पाडली, म्हणजे आकडा कधीच ४०१६ च्या पुढे जाऊ नये. युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीत याची नेमकी उलट चूक झाली. तीत १९७१ च्या आरंभापासून सेकंदाचे साठावे भाग मोजीत, आणि बत्तीस अंकस्थाने सव्वादोन वर्षांतच भरून जात. मग सेकंद घेतले, आरंभ १९७० चा ठरला. ती जुनी बत्तीस स्थाने ज्या यंत्रांत शिल्लक असतील तेथे १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी, ती भरतील. परंतु पोटातील आकडा कितीही शुद्ध असला तरी माणसापुढे, छापील यादीत, न्यायालयात येते ती कपडे चढविलेली तारीख. अहर्गण कोणी सनदेवर लिहीत नाही.

दिवसाचा आरंभ हा शेवटचा मुद्दा. तो थोडक्यात आटोपतो. हिजरी दिवस सूर्यास्तास पालटतो, पंचांगाचा वार सूर्योदयास, इंग्रजी तारीख मध्यरात्री. रात्री लिहिलेल्या पत्रावर 'छ'चा आकडा पुढचा व वार मागचा असू शकतो. त्यावरून पत्र खोटे ठरविणे हा नवशिक्याचा नेहमीचा प्रमाद आहे. संगणकात त्याची जागा ग्रिनिचच्या वेळेने घेतली आहे : काही नोंदी त्या वेळेने लिहिल्या जातात, काही येथील वेळेने, आणि धर्माबादेत मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत घडलेली प्रत्येक गोष्ट पहिल्या वहीत आदल्या दिवसावर पडते. 'आयएसटी' ही तीन अक्षरे भारतीय वेळेसाठी लिहितात, तशीच इस्रायलच्या व आयर्लंडच्या वेळेसाठीही. त्यातही १९४२ च्या सप्टेंबरापासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानात युद्धकालीन वेळ म्हणून घड्याळे एक तास पुढे होती, आणि संगणकाच्या कालसारणीत ती नोंद आहे. त्या अवधीतील कोणतीही वेळ यंत्र ग्रिनिचपुढे साडेसहा तासांनी छापते. हैदराबाद संस्थानातील घड्याळांविषयी ही सारणी स्वतंत्रपणे काहीच सांगत नाही. धर्माबादचा स्वतःचा मध्यान्ह तर प्रमाणवेळेच्या बाराच्या पुढे सरासरी अठरा-एकोणीस मिनिटांनी होतो. ज्या कागदावर 'दोन घटका दिवस उरता' असे लिहिले आहे तो या सर्व सारण्यांच्या बाहेरचा आहे.

त्या वाटणीच्या कागदाची नोंद आमच्या वहीत आता अशी आहे. पहिल्या रकान्यात कागदावरील तारीख, जशी आहे तशी, महिन्याच्या नावासह : १५ खुर्दाद १३४७, डावीकडे 'फे' अक्षर, घडीत अस्पष्ट. दुसऱ्यात गणना : हैदराबादी फसली, वर्षारंभ आझुर. तिसऱ्यात इसवी : एप्रिल १९३८, दिवस निश्चित केलेला नाही, कागदावर वार नाही. चौथ्यात रूपांतर कोणी, केव्हा व कोणत्या कोष्टकावरून केले ते. विद्यार्थ्याची पेन्सिलीची टीप आम्ही खोडली नाही; तिच्याखाली त्याने स्वतःच्या हाताने 'ही तारीख इराणी समजून काढली होती' असे लिहिले, आणि पुढे त्या दिवसाची तारीख घातली. तीत सन लिहावयाचा राहिला होता. तो मी मागून घालविला.